दारावरून परतलेल्या कापण्या

बाबा, आज इथे दारोदार भुतं फिरतायत. तुम्ही असता तर एकेकाला थांबवून विज्ञान शिकवलं असतं. चौकात उतरवून टाकलेलं लिंबू घरी आणून त्याचं सरबत करून पिणारा माणूस तुम्ही! तुमची नात मात्र चेटकीण झालीय. डोक्यावर काळी उंच टोपी, आणि वर तिसरीतल्या पोरीचा शहाणपणा. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. नागपूरच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. आता मिशिगनमधल्या ट्रॉय गावात घर आहे, अंगणात मेपलचा पाचोळा आहे, आणि दाराशी तुमच्या नातीनं कोरलेला भोपळा.

हे हॅलोविन कुठून आलं, यावर तिला शाळेत बोलायचं होतं. आठवडाभर माझा जीव खाल्ला तिनं. फार पूर्वी आयर्लंडकडे सुगी संपली की वर्ष संपायचं, काळोखाचे महिने लागायचे. त्या रात्री मेलेली माणसं घरी येतात असं लोक मानत. टेकड्यांवर जाळ पेटवत, वाईट भुतांनी ओळखू नये म्हणून कातडी पांघरत. भोपळे नंतरचे, अमेरिकेतले. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. आणि आपल्या माणसासाठी ताट मांडून ठेवत. एवढं सांगून ती थांबली आणि म्हणाली, "आई, कॅन वी कीप अ प्लेट फॉर युअर बाबा?"

मी विषयच तोडून टाकला. म्हटलं, आपल्यात नाही करत. श्राद्ध करणार नाही ही प्रतिज्ञा तुम्ही आम्हाला पाढ्यांसारखी पाठ करून घेतलेली. आजी गेली त्या वर्षी शेजारणीचं बघून मी तिच्यासाठी भात-वरण वाढून ओट्यावर ठेवलं होतं, आठवतं? केवढे कडाडलात! "माही माय जित्तेपणी पोटभर जेवली नाही. आता कावळ्याले वाढून कोणाले फसवतेस? वाढायचं तं जित्त्या माणसाले वाढ." मग तोंड फिरवून उभे राहिलात. तुम्ही रडताय हे मला कळलं होतं. पण बाबा, तुम्हाला तरी मी कुठे वाढलं? शेवटच्या दिवसांत नाकात नळी. डाळीचं पाणी चमच्यानं पाजू का विचारलं, तर डॉक्टर नाही म्हणाले. मी तशीच वाटी हातात घेऊन बसलेले. तुमच्या तोंडात शेवटचा घास माझ्या हातचा गेला नाही, हे मला अजून छळतं.

लेकीच्या गोष्टीत पुढे एक प्रथा निघाली आणि मी हरखलेच. नंतरच्या काळात गरीबगुरीब या दिवसांत घरोघर जायचे. घरचे लोक त्यांना छोटे गोड केक द्यायचे, आणि खाणारे त्या घरच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे. म्हणजे मेलेल्याच्या नावानं जित्त्याला खाऊ घालायचं! म्हटलं, हे तर बाबांना चालेल. प्रार्थनेचं राहू दे. दारी खाऊ मागायला येणाऱ्या पोरांसाठी दुपारभर गुळाच्या कापण्या तळल्या, छोट्या पिशव्यांत भरल्या. कोणीतरी एकानं तुमच्या नावानं एक घास खावा, एवढंच हवं होतं मला.

पहिल्यांदा एक वाघ आणि एक परी आली. पिशवी पुढे केली तर मागून त्यांची आई अगदी गोड आवाजात म्हणाली, "सॉरी, वी ओन्ली टेक द स्टोअर-रॅप्ड काइंड." दुसरीकडूनही तेच. तिसऱ्यानं घेतली, पण बापानं हलकेच काढून परत माझ्या हातात ठेवली. लेक म्हणाली, "आई, इट्स नॉट यू. इट्स जस्ट द रूल. पीपल आर स्केअर्ड ऑफ पॉयझन." माहीत आहे गं बाई मला! इथे कोणाच्याच घरचं कोणी घेत नाही, त्यात जातपात नाही. पण मन कुठे ऐकतं? पिशवी परत आली आणि मला तुमचा तो डबा आठवला.

तुम्ही शाळेत मास्तर म्हणून कायम झालात तेव्हा आईनं मोठा डबाभर कापण्या केल्या होत्या, सगळ्या मास्तरांसाठी. संध्याकाळी डबा भरलेलाच घरी आला. "सगळ्यांचा उपास निघाला," तुम्ही म्हणालात. अख्ख्या स्टाफचा, एकाच दिवशी! तुम्ही शर्टही न काढता चुलीजवळ बसलात आणि एकामागून एक कापण्या खात राहिलात, आम्हालाही द्यायचं विसरून. मी मागितली, तेव्हा दचकून माझ्याकडे बघितलंत. तो चेहरा आज दारात उभं राहून मला पुन्हा दिसला, आणि पोरांना दुकानातली चॉकलेटं वाटता वाटता मी रडले. एका छोट्या सांगाड्यानं विचारलं, "आर यू ओके?"

आता घंटी थांबलीय. लेक आतल्या खोलीत दारोदार फिरून आणलेली चॉकलेटं मोजतेय. हे पत्र टाकायला पेटी नाही. भुतं नसतात, हे मला तुमच्याइतकंच पक्कं ठाऊक आहे. तरी सांगून टाकते, बाबा, मी ताट मांडलंय. भात, वरण, चार कापण्या. प्रतिज्ञा मोडली. रागवा माझ्यावर, हवं तेवढं रागवा. पण रागवायला तरी या.