डेंजरचं अंथरूण

१२ जून, बुधवार
लुआन्श्यात जूनचा हिवाळा, थंडी पडली. वस्तीत चोऱ्या वाढल्यात. म्हणून आमच्या कुत्र्याला, डेंजरला, अंगणातून घरात घेतलं. तो माझ्या खोलीत, पलंगाशेजारी झोपणार. खोलीत जागा भरपूर आहे. गुडघा धरला म्हणून आमची ही, कासोंदेची आई, ईस्टरपासून लेकीच्या खोलीत झोपते. तिथला पलंग कडक आहे म्हणे.
बाजारातून फोमची गादी आणली. खाणीच्या स्टोअरमध्ये जन्म गेला माझा. माल हाताला लागला की खरा-खोटा कळतो. ही गादी अस्सल.

१३ जून
गादी नकली निघाली. सकाळी डेंजर स्वयंपाकघरात, टेबलाखाली उघड्या सिमेंटवर कुडकुडत होता. तडक गादीवाल्या लव्हनेसकडे गेलो. तिने गादी दाबून पाहिली. म्हणाली, "काका, गादीत काही खोट नाही. कुत्र्याला शांतता हवी असेल."
विकलेला माल परत घ्यायचा नसला की लोकांना असली तत्त्वज्ञानं सुचतात.

१५ जून
मक्याच्या पिठाची रिकामी पोती जोडली, आत वाळकं गवत भरलं. रात्री डेंजर त्यावर पसरला, सुस्कारा सोडला. मी स्वतः पाहिलं आणि मगच दिवा मालवला. सकाळी पाहतो तर स्वारी कोळशाच्या पोत्यामागे! कोणीतरी त्याला उठवतंय.
दुपारी शेजारचा सिकाझ्वे कुंपणावरून विचारतो, "काय हो, रात्री तुमच्याकडे पिठाची गिरणी चालते का?"
याला आमच्या रात्रीच्या चौकशा कशाला? 'नाही' एवढंच सांगितलं. जास्त माहिती द्यायची नाही.

१८ जून
तिसरा प्रयत्न. खाट, खाटेवर माझा खाणीतला जाड कोट. म्हटलं, कोटाला माझा वास आहे, मालकाच्या वासाने कुत्रं स्थिरावतं.
पहाटे डेंजर सिकाझ्वेच्या ओसरीवर सापडला. नुसत्या चटईवर! ढाराढूर! आता सगळं स्पष्ट आहे. मांस घालून फितवलाय. आधी कुत्रा फोडायचा, मग घर.
पण स्वयंपाकघराच्या दाराची कडी आतून कोणी काढली? कासोंदेची आई निर्विकारपणे म्हणाली, "मी काढली. दाराशी येऊन रडत होता बिचारा. बाहेर जाऊ दे म्हणत होता." वर मलाच सल्ला, "अहो, तुम्ही जरा एका कुशीवर झोपत जा."
माझ्या कुशीचा आणि कुत्र्याचा संबंध काय? विषय बदलण्याची ही तऱ्हा मला ठाऊक आहे. स्टोअरमधले चोरही असंच करायचे. घरातलंच माणूस सामील असावं, असं मनात येतं. लिहू नये, पण लिहिलं.
निश्चय: यापुढे तिच्यासमोर डेंजरबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

१९ जून
निश्चय मोडला. मक्याच्या पिठाची न्शिमा वाढताना तीच आधी हसली, मग डेंजरचा विषय माझ्या तोंडून निघालाच.

२१ जून
फोनमध्ये आवाज टिपता येतो, असं लुसाकाहून कासोंदेने सांगितलं. कुठलं बटण तेही सांगितलं. कशाला हवंय ते मी सांगितलं नाही. पोरगी आईच्या बाजूची.
आज फोन पलंगाखाली.

२२ जून, सकाळी
पुरावा मिळाला! मोठं डिझेल इंजिन. सुरू होतं, गुरगुरतं, मध्येच बंद पडतं, मग कोणी लोखंड फरफटत नेल्यासारखं. त्यातच डेंजरची नखं वाजतात, तो पळतोय. म्हणजे चोरांचा ट्रक थेट माझ्या खिडकीखाली उभा राहतो! आणि मला जाग येत नाही, म्हणजे गुंगीचं औषधही असणार.
वस्ती समितीची तातडीची बैठक मागितली.

२३ जून, रविवार
चर्चनंतर सगळे जमले. समितीच्या अध्यक्ष नामुकोंदाबाईंनी सगळ्यांना शांत बसवलं. मी प्रस्तावना केली, सिकाझ्वेकडे रोखून पाहिलं आणि फोनमधलं रेकॉर्डिंग लावलं.
पहिल्याच आवाजाला कोणीतरी खाकरलं. दुसऱ्याला मागच्या बाकावरच्या बायकांनी कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेचे पदर तोंडात कोंबले. मग नामुकोंदाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अहो कासोंदेचे बाबा, हा ट्रक तुमच्या नाकातून निघतोय!"
मी म्हटलं, अशक्य. रेकॉर्डिंगमध्ये फेरफार झालाय. तेव्हा कासोंदेची आई उठली. म्हणाली, "फेरफार नाही. लग्नाच्या रात्रीपासून ओळखते मी हा आवाज."
सिकाझ्वे हसला नाही. घरापर्यंत सोबत आला. म्हणाला, "माझे वडीलही असेच घोरायचे. दवाखान्यात दाखवून घ्या." मी आभार मानले नाहीत.

संध्याकाळी कासोंदेच्या आईला विचारलं, गुडघा कसा आहे?
"गुडघ्याला काय धाड भरलीये!"
मग मला सांगितलं का नाही?
"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सिकाझ्वेचा जनरेटर आहे. तुमच्याशी भांडत बसण्यापेक्षा गुडघा बरा वाटला."
फोमची गादी उचलली आणि तिच्या खोलीत नेऊन टाकली. डेंजरने एक गिरकी घेतली, अंगाचं मुटकुळं केलं आणि झोपला. तिने त्याच्यावर आपलं जुनं चितेंगे घातलं, मला म्हणाली, "दार ओढून घ्या."
दार ओढून घेतलं.
गादी अस्सल होती. उद्या लव्हनेसला सांगायला हवं. परवा सांगेन.