शेवटून तिसरं अक्षर

औरंगाबाद,
तारीख ८ डिसेंबर १९९८

जनाब निजामुद्दीनभाई पेंटर, मुक्काम गंगापूर, यांच्या खिदमतीत रामकिसन तलाठी (निवृत्त) याचा आधी सलाम, मग नमस्कार, आणि दोन्ही पुरले नसतील तर वरून रामराम.

आपण तिकडं खैरियतनं असाल. तुमचा गुडघा आता शिडी चढू देतो की नाही ते लिहावं. (देत नसेल तर चढू नये. दुकानांच्या पाट्या जमिनीवर ठेवूनही रंगवता येतात. हे तुम्हाला या वयात सांगावं लागतं, हा तुमचा हेका.) मेहरुन्निसाभाभींना सलाम सांगा. त्यांनी धाडलेलं आंब्याचं लोणचं संपलं; हे मागणं नाही, नुसती माहिती आहे. इकडं या नाचीजाची तब्येत ठीक. माझ्यासारख्या मामुली माणसाच्या तब्येतीवर कोणी दोन वाक्यं खर्च करावीत असं मला कधी वाटत नाही, म्हणून फक्त इतकंच लिहितो, की रक्तदाब दीडशे-नव्वद, दात बारा शिल्लक, आणि डॉक्टर म्हणाले की बासष्टाव्या वर्षी असं हृदय त्यांनी औरंगाबादेत दुसरं पाहिलं नाही.

लिहिण्यास कारण की, जग बिघडलं आहे, आणि या खेपेस ते माझ्या घरापासून बिघडायला लागलं. माझी नात आवडा तुम्हाला आठवत असेल. (माझ्या आईचं, आवडाबाईचं, नाव मी हट्टानं ठेवलं. सूनबाई ते चारचौघांत उच्चारताना अजून खोकते.) पोर दहा वर्षांची, पाचवीत. सूनबाई बँकेत, चिरंजीव कंपनीत, आणि घरातले निर्णय बँकेत होतात. मे महिन्याच्या सुट्टीत सूनबाईच्या मनानं घेतलं, की पोरीत आत्मविश्वास कमी आहे. का, तर पाहुणे आले की पोर आत जाते. अहो, पाहुणे पाहून आत जाणं हे शहाणपण आहे, मी स्वतः जातो. पण नाही. निराला बाजारात एका जिन्यावर व्यक्तिमत्त्व विकासाचा वर्ग निघाला आहे, तिथं तिचं नाव घातलं. मी एकदा सोडायला गेलो तेव्हा दारातून पाहिलं. एक टायवाले सर. टायचा रंग आमच्या पायपुसण्याचा. वीस पोरं आरशापुढं रांगेत उभी, आणि प्रत्येकानं आरशात बघून अकरा खेपा म्हणायचं: मी सर्वश्रेष्ठ आहे. वीसच्या वीस सर्वश्रेष्ठ. मी पस्तीस वर्षं सातबारे लिहिले, निजामुद्दीनभाई. एका गटाला वीस मालक लागले की तिथं काय होतं ते मला ठाऊक आहे. कोर्ट होतं.

दर महिनाअखेर सर्वांना प्रमाणपत्र. नापास कोणी नाही. एका पोराला तर तो शब्दही म्हणता येत नव्हता, ते आरशापुढं 'सर्वशेट' म्हणत होतं. त्यालाही प्रमाणपत्र, वर गुलाबाचं फूल. बाप खाली स्कूटरवर बसून वाट बघत होते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असा भाव, की खानदानात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नम्रता एकदाची बरी झाली.

मग मी ठरवलं, की हा रोग आपणच उतरवायचा. तुम्हाला आपले उर्दूचे मास्टरसाहेब आठवतात? निजामाच्या जमान्यात आपण दोघं एका बाकावर बसून उर्दूत शिकलो, आणि त्यांनी पहिला धडा हाच दिला, की समोरच्याचं घर दौलतखाना, आपलं गरीबखाना. समोरचा हुजूर, आपण नाचीज. (मग पोलीस ॲक्शन झाली आणि एका सुट्टीत सारं शिक्षण मराठीत आलं. बाराव्या वर्षी आपण बाराखडी गिरवत बसलो, शेजारी सहा-सहा वर्षांची पोरं. दोन महिन्यांत पूर्ण करा, असा हुकूम. तुम्ही ती शेवटपर्यंत गिरवली. मी शेवटाकडं जरा घाई केली.) तर मी आवडाला रोज दिवेलागणीला समोर बसवून ही तहजीब शिकवायला लागलो. कोणी तारीफ केली की नजर खाली घालून 'मी काय, नाचीज' म्हणायचं. कोणी घर विचारलं की 'आमचा गरीबखाना' म्हणायचं. पोर हुशार (माझ्यावर गेली आहे, पण हे मी कुठं बोलत नाही), चार दिवसांत सारं पाठ. म्हणजे एका कानानं टायवाले सर आणि दुसऱ्या कानानं मी, असं पोरीचं शिक्षण सुरू झालं.

त्याचं पहिलं पीक सूनबाईच्या मॅनेजरनं पाहिलं. ते चहाला आले आणि पोरीला म्हणाले, बेटा, तू कोण? आवडा उभी राहिली, नजर खाली घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, 'मी या जगातली सर्वश्रेष्ठ नाचीज आहे.' मॅनेजर बिस्किट बुडवायचं विसरले. सूनबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी आत गेलो.

दुसरं पीक ऑगस्टात. पोरीच्या स्कूलचा एक फॉर्म आला, त्यात पत्त्याच्या रकान्यात तिनं सुरेख अक्षरात लिहिलं: गरीबखाना, औरंगाबाद. आठ दिवसांनी, रविवारी, दोन बाया आणि एक गृहस्थ दारात. गरजू विद्यार्थ्यांच्या कमिटीची माणसं. हातात गणवेशाचं कापड आणि वापरलेल्या चपलांचा एक जोड. सूनबाईनं त्याच आठवड्यात नवा सोफा आणला होता. त्यावर बसून ती माणसं आमच्या गरिबीची चौकशी करीत होती. त्यातल्या एकीनं सोफ्यावरून हात फिरवून मोठ्या मायेनं विचारलं, हा कोणी दिला? चपला आवडाला फार मोठ्या होत्या, माझ्या मापाच्या होत्या, तरी मी घेतल्या नाहीत. त्या दिवशीही मला आत जावं लागलं.

इथपर्यंत हसा. पुढचं हसण्यासारखं नाही.

त्या स्कूलच्या दारात एक फलक आहे. रोज त्यावर खडूनं एक सुविचार लिहितात, आणि पाचवीतली एक पोर सत्रभर तो लिहिते. (सुविचार वाचून कोणी सुधारल्याचं मी ऐकलेलं नाही. लिहिणारी मात्र वर्षभर जरा ताठ चालते.) आवडाचं अक्षर असं आहे, की तुम्ही पाहिलंत तर ब्रश खाली ठेवाल. जूनपासून पोर त्या फलकाकडं बघत आत जाते आणि बघत बाहेर येते. घरी पाटीवर रोज एक सुविचार लिहिते, लांबून बघते, पुसते. कोणाला दाखवत नाही. मागच्या सोमवारी, दुसऱ्या सत्रासाठी, वर्गाच्या वच्छलाबाईंनी विचारलं, कोणाचं अक्षर चांगलं आहे? निम्म्या वर्गाचे हात वर. बाईंनी स्वतः आवडाकडं बघून विचारलं, तुझं ग? पोरीनं नजर खाली घातली आणि मी शिकवलेलं बोलली: मी काय, नाचीज. बाई म्हणाल्या, बरं. आणि त्यांनी फलक एका डॉक्टरांच्या पोरीला दिला, जिचं अक्षर वडिलांवर गेलं आहे.

आवडा घरी आली आणि दप्तर न उतरवता भिंतीला टेकून बसली. जेवली नाही. खोटं कशाला लिहू, मला अभिमान वाटला. म्हटलं, धडा पक्का बसला. मी तिच्यापाशी बसून माझी ती गोष्ट सांगितली, जी तुम्ही शंभर खेपा ऐकली आहे: १९७४ साली मोठ्या साहेबांनी बढतीसाठी बोलावून विचारलं, रामकिसन, सर्कल होतोस का? मी नजर खाली घालून म्हणालो, हुजूर, मी नाचीज, मला काय जमणार. साहेब म्हणाले, बरं. आणि सर्कल झाला बद्रीनाथ, ज्याला शेताचा बांध आणि नदीचा काठ यांतला फरक शिपाई समजावून सांगत असे. चोवीस वर्षं मी ही गोष्ट नम्रतेचा नमुना म्हणून सांगत आलो, आणि ऐकणारे मान हलवत आले. आवडानं मान हलवली नाही. म्हणाली, 'आजोबा, मग तुम्हाला वाईट नाय वाटलं?' मी म्हणालो, 'नाय.' पोर म्हणाली, 'मला तर लई वाटायलंय.' त्या दिवशी मीही जेवलो नाही, पण ते पोटासाठी असेल.

दुसऱ्या दिवशी पोर गेली ती थेट वच्छलाबाईंपुढं. काय बोलली ते बाईंनीच मला फाटकात थांबवून सांगितलं. म्हणाली, 'बाई, काल मी खोटं बोलले. माझं अक्षर लई चांगलंय. फक्त ते शेवटून तिसरं अक्षर नीट येत नाय, त्याची दोन पोटं एकसारखी होत नायत. तेवढं शिकवा आन्‌ मग फलक द्या.' (अक्षर कोणतं ते मी इथं लिहीत नाही. 'ह'च्या पुढचं आणि 'क्ष'च्या मागचं, समजून घ्या.) ते वाक्य मी घरी येऊन फेरफार तपासावा तसं तपासलं. त्यात टायवाल्या सरांचं काही नाही, आणि माझंही काही नाही. सर्वश्रेष्ठ नाही, नाचीज नाही. जेवढी जमीन आहे तेवढी आहे म्हणाली, नाही तेवढी नाही म्हणाली. मोजणी बरोबर, हद्दी बरोबर. पोरीला हे कोणी शिकवलं याचा मी घरात तपास केला. कोणीही कबूल झालं नाही.

बाईंनी तिला येत्या सोमवारी फलकावर लिहून दाखवायला सांगितलं आहे. चांगलं आलं तर फलक दोघींनी वाटून घ्यायचा, नाही तर विषय संपला. आणि सुविचार शोधून असा दिला आहे, की त्यात ते अक्षर सहा ठिकाणी. वर म्हणाल्या, घरी आजोबा तलाठी आहेत ना, ते शिकवतील. तेव्हापासून पोर पाटी घेऊन माझ्या मागं आहे. पहिल्या दिवशी मी म्हणालो चश्मा सापडत नाही. (डोक्यावर होता.) दुसऱ्या दिवशी पोटाची तक्रार सांगितली. ती जुनीच आहे. तिच्यापायी मी बजाजनगरच्या शेजारच्या त्या गावची नेमणूक सोडून फुलंब्रीला बदली घेतली होती. काल पोरीनं पाटी पुढ्यात ठेवली आणि विचारलं, 'आजोबा, तुम्ही नेहमी स्कूलच का लिहिता?' मी आत गेलो. आमच्या घरात आता आत जायला फार जागा उरलेली नाही.

असो. टायवाल्या सरांनी आता मोठ्या माणसांसाठीही वर्ग काढला आहे. सूनबाईनं त्याचं पत्रक माझ्यापुढं ठेवलं, मी त्यावर चहाचा कप ठेवला. तुमचा लोभ आहे तेवढाच राहू द्या. वाढवत बसायला आता दोघांनाही उमर नाही.

आपला नाचीज (हे शेवटचं),
रामकिसन

ता. क. पत्राचं खरं कारण मागंच राहिलं. तुम्ही पस्तीस वर्षं पाट्या रंगवता. एका मोठ्या कागदावर ते शेवटून तिसरं अक्षर ठसठशीत काढून पाठवा. हात कुठून निघतो, कुठं फिरतो, कुठं थांबतो ते बाणांनी दाखवा. शनिवारच्या आत हवं, म्हणून टपालानं नको, एसटीच्या कंडक्टरपाशी द्या. आवडासाठी हवं आहे.

ता. क. दुसरा. पत्राची घडी घालताना आवडानं ते वाचलं, आणि म्हणाली, 'आजोबा, ह्यात ळ नाय.' चार पानांत एकही नाही. आता तिनंच पकडलं आहे तर लिहितो. बाराखडीत मी घाई केली ती इथं. सहा वर्षांच्या पोरांसमोर 'मला हा येत नाही' म्हणायची लाज वाटली, आणि मग पन्नास वर्षं मी तो चुकवत आलो. शाळेला स्कूल, सगळ्यांना सारे, वेळेला घटका. नेमणूक सोडली ती पोटासाठी नाही. गावाचं नाव वाळूज होतं म्हणून. आणि सर्कल होणं म्हणजे जन्मभर सहीखाली 'मंडळ अधिकारी' लिहिणं. साहेबांपुढं मी नजर खाली घातली ती नम्रता नव्हती, निजामुद्दीनभाई, भीती होती. बद्रीनाथचा ळ तर माझ्याहून वाकडा होता, पण तो लिहायचा आणि पुढं जायचा. मला फार वाईट वाटलं होतं. गंगापूरच्या स्टँडवर तुम्ही रंगवलेली केळीवाल्याची पाटी आहे ना, तिच्यातला ळ बघत मी एकदा एसटी सोडली आहे. सोमवारचा सुविचारही ऐका: 'वेळ पाळणारा सगळ्यांना जवळचा वाटतो, आणि त्याला फळ मिळतं.' असला सुविचार जगात कोणी म्हटला नसेल, बाईंनी तो पोरीला पाडायलाच रचला आहे. (या ताज्या कलमातले ळ आवडानं घातले आहेत. मी जागा सोडत गेलो, ती भरत गेली. तिचेही वाकडेच आहेत, पण ती हातानं झाकत नाही.)

ता. क. तिसरा. कागद एक नको, दोन पाठवा. आणि खालचा शब्द मी स्वतः लिहिला आहे, पोरीचा हात न लावता. कसा आला ते दोस्त म्हणून नको, पेंटर म्हणून लिहा.

शाळा