फोटो न काढता काढलेला खडा

नागपूर, मंगळवार सकाळ

तीर्थरूप यमुताईस,

धाकटा कृष्णकांत पायांवर डोकं ठेवून (कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात) नमस्कार करतो. तुझे गुडघे आणि तुझं बीपी दोन्ही आपापल्या जागी असावेत. इकडे सर्व क्षेम आहे. ‘सर्व’ हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, कारण मागच्या गुरुवारी तो लिहिता आला नसता. पत्र पाहून तू म्हणशील, फोन असताना कृष्णा कागद काहून खराब करून राहिला. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि आमच्या घरात या खोलीतलं बोलणं त्या खोलीत सूनबाईला, म्हणजे भैरवीला, स्पष्ट ऐकू जातं. गल्लीतला अंकुश मिरची घ्यायला भिवापूरला येतो आहे, त्याच्या हाती देतो. शेवटपर्यंत वाच, ताज्या कलमासकट. अर्ध्यात चष्मा काढून ठेवायची तुझी सवय मला माहीत आहे.

सूनबाईला पाचवा महिना सुरू आहे हे तुला ठाऊकच आहे. गेल्या आठवड्यात सोमवारी तिला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. मी म्हटलं, गॅस. सुमंतची आई गेल्यापासून घरात मोठं बाईमाणूस नाही, तेव्हा घरचं वैद्यकीय खातं माझ्याकडे आलं आहे, आणि त्या खात्यात ओव्याशिवाय दुसरं औषध नाही. दोन दिवस ओवा दिला. गुरुवारी पोरीचे डोळे पिवळे दिसले. मी म्हटलं, ट्यूबलाइट जुनी झाली. (पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस आधी सामानाला दोष देतो.) सुमंत हिंगण्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टर अरुंधती म्हणून आहेत. वयाने आपल्या भैरवीएवढ्याच वाटतात, पण बोलणं ठाम. त्यांनी सांगितलं की पित्ताशयातला एक खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकला आहे, म्हणून कावीळ. तसाच राहिला तर ताप चढेल, मग आईलाही धोका आणि बाळालाही. तेव्हा उद्याच काढू. तोंडातून दुर्बीण घालायची, जठराच्या पुढे आतड्यात जिथे त्या नळीचं तोंड उघडतं तिथे पोचायचं, तोंड जरासं मोठं करायचं आणि खडा ओढून घ्यायचा. एरवी हे काम एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत करतात, पण पोटात बाळ असल्यामुळे एक्स-रे लावायचाच नाही. मी विचारलं, मग नळीतलं दिसणार कसं? बाई म्हणाल्या, सोनोग्राफीने जागा हेरून ठेवली आहे, आणि आत गेल्यावर पित्त बाहेर येताना दिसलं की वाट बरोबर. मला हे लगेच पटलं, ताई. आमच्या खात्यातही कालवा चोंदला तर नकाशा कोणी पाहत नसे (नकाशा नागपूरला, कालवा भंडाऱ्याकडे). मजूर पाणी कुठून झिरपतं ते पाहायचा आणि तिथे बांबू घालायचा. हे मी बाईंना सविस्तर समजावून सांगितलं. मी तिसऱ्या फाट्यावर पोचलो तेवढ्यात त्यांना तातडीचा फोन आला. वाजलेला मला ऐकू आला नाही, पण हल्ली फोन वाजतच नाहीत.

तर डॉक्टर तयार, खोली तयार, आणि सूनबाई म्हणे मी जात नाही. स्वतःच्या जिवाचं तिला काही नव्हतं. बाळाला काही झालं तर, एवढंच धरून बसली. सुमंतने समजावलं, बाईंनी समजावलं, मी कालवा समजावला. शेवटी ती हळूच म्हणाली, “मले आई नाही बाबा, विचारू कोणाले? आत्याबाई हो म्हणाल्या तर जाते.” आता यात तिची चूक नाही. आपल्या घरात तुझ्या शब्दाशिवाय काही झालंय का कधी? सुमंतच्या लग्नाची तारीख तू काढलीस, माझ्या मोतीबिंदूचा दिवस तू ठरवलास, फ्रिज काळा घेऊ नका हे तू सांगितलंस म्हणून आम्ही तो पोपटी घेतला. आम्ही जन्मापासून हे पाळतो ते भीतीने. ही पोर लग्न करून आली आणि मनापासून पाळायला लागली. आणि तुझं मत तर सगळ्यांनाच पाठ आहे, की गर्भारशीला लोखंड लावू नये आणि खडा कुळथाच्या कढणाने विरघळतो. मी तुला चौदा वेळा फोन केला. तू मंडळाबरोबर ओंकारेश्वरला आणि तुझा फोन घरी चार्जिंगला, हे शनिवारी तुझ्या शेजारणीकडून कळलं. असो. शेवटी भैरवी तयार झाली. (कशी, ते विचारू नकोस. म्हणजे विचार, पण जरा दमाने.)

शुक्रवारी ती आत गेली. चाळीस मिनिटं. मी रामरक्षा सुरू केली, पण मधल्या ओळी आठवेनात, म्हणून पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्यात बाजूच्या बाईने मला पाणी आणून दिलं. खरं सांगतो ताई, मी फार घाबरलो होतो. मग अरुंधतीबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, निघाला खडा, बाळाचे ठोकेही तपासले, छान आहेत. सुमंत माझ्या गळ्यात पडला. दहावी पास झाला तेव्हाही पडला नव्हता. मला काय करावं सुचेना, मी त्याची पाठ थोपटत पुन्हा एकोणतीसचा पाढा म्हणायला लागलो.

घरी आल्यावर वेगळंच संकट. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस आधी एक्स-रेचा फोटो मागतो, ट्यूबलाइटसमोर धरतो आणि डॉक्टरचं कुठे चुकलं ते सांगतो. शेजारचे आनंदराव (कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत आहे) डझनभर संत्री घेऊन आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “फोटो दाखव गा.” फोटो नाही. “मग खडा दाखव.” खडाही नाही, कारण तो आतड्यात सोडून देतात, आपल्या वाटेने जातो. आनंदरावांनी चष्मा पुन्हा पुसला. “ना फोटो ना माल, अन् तुम्ही सौदा करून आले?” मी त्यांना भैरवीचे डोळे दाखवले. त्यांनी हरभऱ्याचा नमुना पाहावा तसे जवळून पाहिले आणि दुसऱ्या चहानंतर पिवळेपणा कमी झाल्याचं मान्य केलं.

आता पोर हसते, खिचडी खाते आणि भरपूर कोथिंबिरीची सांबारवडी मागते (तळलेलं बंद आहे, मीच तिच्या वाटची खातो). पित्ताशयाचं काय ते बाळंतपणानंतर बघू म्हणतात. मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार सांग. कमीजास्त लिहिलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाल.

तुझा,
कृष्णा

ता. क. आता भैरवी कशी तयार झाली ते. चौदावा फोनही कोणी उचलला नाही तेव्हा मी दवाखान्याच्या व्हरांड्यात गेलो, भैरवीला दारातून दिसेन असा उभा राहिलो आणि बंद फोन कानाला लावून तुझ्याशी सात मिनिटं बोललो. तू आधी मला चांगलं झापलंस, त्याशिवाय तिला खरं वाटलं नसतं. मग आत येऊन तुझा निरोप सांगितला, “भिऊ नको वं पोरी. मी सांगून राहिली ना. जा आत.” ती लगेच उठली. येत्या रविवारी ती फोनवर तुझ्या पाया पडणार आहे. तेव्हा तू हो म्हणाली होतीस, एवढं कृपा करून लक्षात ठेव. फोन ओंकारेश्वरला सोबत नेला होता, असंही म्हण. कुळथाचं नाव काढू नकोस. मला जे बोलायचं ते नंतर बोल.

ता. ता. क. वर ‘लगेच उठली’ लिहिलं ते खरं नाही. निरोप ऐकून ती म्हणाली, अजून काय म्हणाल्या? तू एवढ्यावर थांबणारी बाई नव्हेस हे तिलाही माहीत आहे. तेव्हा बोलण्याच्या भरात तू म्हणालीस, की आई नाही म्हणून काय झालं, मी आहे ना, सातव्या महिन्यापासून नागपूरला येऊन राहते आणि बाळंतपण करूनच परत जाते. हे ऐकून पोर खूप रडली. मग डोळे पुसले आणि आपल्या पायांनी आत गेली. मागची खोली मी काल झाडून घेतली आहे. पलंग खिडकीकडे हवा की भिंतीकडे, तेवढं कळव.