शिवणीतलं जास्तीचं कापड

पुरुषोत्तमनगर,
२ डिसेंबर २०२५

लाडक्या मयूरीस,
भाविकाताईचे खूप खूप आशीर्वाद. आई-बापू मजेत असतील. इकडे साखर कारखान्याचा हंगाम जोरात आहे, मळीच्या वासाला नाक सरावलंय. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी पुन्हा खोटं बोलले असते, म्हणून.

हंगामात ह्यांना रजा नाही, तेव्हा तुझ्या लग्नात करवली व्हायला जमणार नाही, असं मी कळवलं होतं ना? ह्यांची रजा कधीच मंजूर झालीय. अडचण माझीच होती.

लग्नासाठी घेतलेल्या जांभळ्या साडीचं ब्लाउज वत्सलाबाईंकडे शिवायला टाकलं. मापाला दिलं माझ्या लग्नातलं, सहा वर्षांपूर्वीचं! म्हटलं, महिनाभर साखर सोडली की मावेन. कारखान्याच्या वसाहतीत राहून साखर सोडणार होते, बघ. बाईंनी ते उलटसुलट करून विचारलं, "हाई तुन्ही धाकली बहीननं माप शे ना?" आणि मी मेली, लाजेनं हो म्हणाले.

काल ब्लाउज घरी आणलं. एक हात गेला, दुसरा दंडावरच अडला. तशीच परत गेले आणि बाईंसमोर रडत खरं सांगून टाकलं. त्या पोट धरून हसल्या. मग ब्लाउज उलटं करून दाखवलं. दोन्ही शिवणींत, बाह्यांतसुद्धा, तीन-तीन बोटं कापड आत दुमडलेलं.

"बाईनं आंग शे माय, दगड नही. मी समदासना कपडासमा जागा ठेवस."

अर्ध्या तासात उसवून, पुन्हा शिवून हातात दिलं. घरी साडी नेसून दाखवली, तर ह्यांचा चहा हातातच निवला!

आता खरं मनातलं. साखरपुड्यात फोटोवाला मला म्हणाला, "नवरीच्या आई, जरा मागे सरका." सगळे हसले. तूही हसलीस, मयू. फार लागलं गं. तेव्हापासून आरशाशी अबोला धरला होता, आणि थोडा तुझ्याशीही. आज दोन्ही सोडले. दोन पोरं ह्याच अंगानं जन्माला घातली, ते लपवायचं कशाला?

दहा तारखेला सकाळीच येते. करवलीचा मान मामेबहिणीला दिला असशील, तर गोड बोलून परत घे. आणि फोटोत मी तुला खेटून उभी राहणार, एक पाऊलही मागे नाही.

तुझी आई नव्हे, ताईच,
भाविका