पुढची दोन्ही सिलं फुटली

मु. पो. बोरी,
बुधवार, १४ मे १९८६

तीर्थस्वरूप दिनकरदाजींच्या चरणी धाकटा मेव्हणा बन्सीधर याचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा आणि केशरआक्काचा राग कसा आहे? दोन्ही ताब्यात असोत.

हाताचं तेल अजून निघत नाही, तेव्हा कागदावरच्या डागांना हसू नये. तपासणीच्या साहेबांना सोमवारी परभणी स्टेशनावरून आणायचं म्हणून मी तुमची जीप मागून आणली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्या सोसायटीच्या गोदामाला पुढं दोन दारं. दोन्हीला लाखेचं सील लागलंय, आणि ते साहेबांसमोर अख्खं निघालं तरच माझी गोदामपालाची नोकरी कायम होणार. एवढ्यात जीपच्या पुढच्या चाकांतून तेल गळायला लागलं आणि ब्रेक लागेनात. (शेवटी पिंपळाच्या पारानं थांबवली. पाराला काही झालेलं नाही, बंपरला झालंय.) वालूरचा मुंजाजी मिस्त्री आला, म्हणाला, पुढच्या एक्सलची ऑइल सिलं, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेली. त्यानं चाकं काढली, शाफ्ट ओढले आणि नवी सिलं ठोकळा ठेवून अशी ठोकली की गल्लीतली कुत्री पळाली. मी पोत्यावर उताणा पडून त्याला पाने-पकड देत होतो (पोतं कुठून आणलं, हे इथं महत्त्वाचं नाही). तेल भरलं, आणि दाजी, पहिल्यापेक्षा दुप्पट गळायला लागलं! सीलचा ओठ आत, तेलाकडे पाहिजे, एवढं आता मलाही कळतं. मुंजाजीनं दोन्ही बाहेर तोंड करून बसवली होती. वर मलाच म्हणतो, "पाण्याच्या इंजनाला आसंच बसवतेत. तुमची जीपच उलटी हाय."

ती उपसताना फुटली. म्हणून मी तुम्हाला चिठ्ठी लिहिली: "दाजी, पुढची दोन्ही सिलं फुटली. आतला माल वाहून चाललाय. घरात कळू देऊ नका. नवी सिलं गुपचूप पाठवा. बन्सीधर." (घरात म्हणजे आक्काला.) चिठ्ठी परभणीच्या यष्टीच्या कंडक्टरला दिली आणि सांगितलं, दाजींना द्या. आता आमचे चेअरमन किशनराव पडले बोरीचे घरजावई. अख्खं गाव त्यांना दाजी म्हणतं, कंडक्टरसुद्धा. आणि ते त्याच यष्टीत पुढच्या बाकावर बसले होते!

थोड्याच वेळात पोलीस पाटील, चार पंच आणि निम्मं गाव जीपपाशी. मी खाली, नुसते पाय बाहेर. किशनरावांनी पाय धरूनच ओढलं. "बन्सी, माल कुठं गेला? खरं सांग!" मला वाटलं, काय कळवळ्याचा माणूस! म्हटलं, "सगळा रस्त्यानं सांडला, दाजी. लय थोडा ऱ्हायलाय." ते मटकन पारावर बसले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "घाबरू नगा, परभणीच्या बाजारात पायजे तेवढी सिलं भेटतेत." तेव्हा पाटलांनी माझं मनगट धरलं. दाजी, लग्नात अंतरपाट बाजूला झाल्यापासून माझ्या मनगटाला कुणी असा हात घातला नव्हता.

तसंच मिरवत गोदामावर नेलं. तर दोन्ही दारांची सिलं जागच्या जागी! किशनरावांचा चष्मा गडबडीत यष्टीतच राहिला होता, पण लांबून पाहूनही त्यांचं समाधान झालं. मग वरमले, चहा पाजला. पण चारचौघांत मला चोर ठरवलं, हे फार लागलं. निष्पाप माणसावर आळ घेताना लोकांना काहीच कसं वाटत नाही?

आक्काला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
बन्सीधर

ता. क. फुटकं ऑइल सील नमुन्याला सोबत पाठवतोय. शेजारच्या सुलाबाई मावशी परभणीला निघाल्यात, त्या हे पत्र स्वतः आणतील. त्यांना 'दाजींना द्या' असं म्हटलेलं नाही, 'दिनकररावांना द्या' असं तीनदा घोकून घेतलंय.

आणखी एक. बाजारात जाताच आहात, तर लाल लाखेची एक कांडीही घ्या. भुई तव्यासारखी तापली होती, आणि पोती फक्त गोदामातच होती. डाव्या दाराचं सील मी मुंजाजीच्या पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलंय. ठसा शाबूत आहे, नुसत्या कडा सांधायच्या आहेत. पण ऊन चढलं की ते खाली घसरतं, आणि मी दिवसातून तीनदा जाऊन वर ढकलून येतो. किशनराव सगळ्यांना सांगायलेत, बन्सीसारखा राखणदार पंचक्रोशीत न्हाई. दाजी, सोमवारच्या आत या.