नालबंद मेदेरने आपली अवजारं आणि आपला देह कुणाच्या हाती सोपवला

मी, मेदेर, जोलदोश यांचा मुलगा, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा नालबंदी, राहणार अक-तेरेक, आज पूर्ण शुद्धीवर असून कुणाच्याही दबावावाचून हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा राजधानीतल्या तीन मानसोपचारतज्ज्ञांचा शिक्क्यानिशी कागद माझ्यापाशी आहे. असा कागद गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

जन्मतः माझं नाव बुरुल, म्हणजे 'वळ, फिर'. ओळीनं मुली झाल्या की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून आमच्यात हे नाव ठेवतात. मी चौथी. वळायचं काम आईबापांनी पुढच्यावर सोपवलं होतं, ते मीच उरकलं.

१. घर, अंगण आणि सफरचंदाची झाडं माझी भाची अनारगुल हिला. ऐरण, सांडशा, खूर तासायच्या सुऱ्याही तिलाच. बाईच्या हातून नाल ठोकून घेणार नाही म्हणणाऱ्याचा घोडा तसाच परत पाठवावा.

२. बापाचं खोगीर धाकटा भाऊ नुरदीन याला. मी दवाखान्यात असताना तो आला नाही. "बुरुल कुरणावर गेलीय" असं गावाला सांगत राहिला. खोगीर द्यावं, सोबत एक शब्दही बोलू नये.

३. मोठा पांढरा नमदा, लोकरीचं जाड जाजम, डॉक्टर आयजारकिन यांना. का, ते सविस्तर लिहितो, कारण अनारगुललाही हे ठाऊक नाही.

चौपन्नाव्या वर्षी माझ्या ओटीपोटात गोळा धरला, रक्त जायला लागलं. तोवर मिशी आली होती. बाजारातून आणलेली पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शनं घोड्यांना देतो तशी स्वतःलाच देत होतो. तीस वर्षांत डॉक्टरची पायरी चढलो नव्हतो. उभं राहवेना तेव्हा गेलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. खिडकीतल्या कारकुनानं जुनं कार्ड काढून सगळ्यांसमोर हाळी दिली, "बुरुल! कोण बुरुल? हा मिशीवाला? मग बाळंत कधी होणार?" बाकांवरची माणसं हसली. त्या कारकुनाला मी काही ठेवत नाही, माफीसुद्धा. ती हवी तर त्यानं मागायला हवी होती.

भिंत धरून मी दाराकडे निघालो, तेवढ्यात मागून आवाज आला, "दादा, थांबा." पांढऱ्या कोटातल्या कुणी मला दादा म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आत नेऊन आयजारकिन यांनी माझा धंदा विचारला, मग म्हणाल्या, "हात लावू का?"

"त्यात विचारायचं काय?"

"घोड्याचा पाय उचलण्याआधी तुम्ही त्याच्या मानेवर हात ठेवता ना? तसंच."

त्यांनी कानातल्या नळ्या काढून माझ्या कानात घातल्या. हजारो घोड्यांच्या छातीला मी कान लावलाय, स्वतःचं काळीज कधी ऐकलं नव्हतं. ज्या देहाला मी जन्मभर शत्रूचा मुलूख समजत आलो, त्यात कुणीतरी न थकता माझ्यासाठी राबत होतं.

"हा मीच?"

"तुम्हीच. आणि चाल चांगली आहे."

आता खाट कुठं घालायची? पुरुषांत घालावी तर आजार बायकी, बायकांत घालावी तर मी बाप्या. तेव्हा बायकांच्या खोलीतली सोनुनबुबू म्हातारी ओरडली, "दुखणं आपलंच आहे ना त्याचं? मग घाला इथंच! आम्ही कपडे बदलू तेव्हा भिंतीकडं तोंड कर रे बाबा. आणि घोरलास तर उशी फेकीन!"

कोकराच्या डोक्याएवढा गोळा निघाला. अकरा दिवस त्या बायांनी मला तळलेले कणकेचे बोरसोक भरवले. घोरत त्याच होत्या. पुढं इंजेक्शनं मोजूनमापून डॉक्टरच देऊ लागल्या आणि नव्या नावाच्या कागदांसाठी राजधानीतल्या त्या तीन तज्ज्ञांकडेही त्यांनीच पाठवलं.

४. देहाबद्दल. पुरुषाला शेवटची अंघोळ पुरुष घालतात, बाईला बाया. मरणापेक्षा मला या गोष्टीचीच धास्ती होती. गेल्या शरदात मौलवी इस्मार यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ग्रंथात काय आहे ते शोधावं लागेल. पण एवढं पाठ आहे, अंघोळ घालणाऱ्यानं जे पाहिलं ते झाकायचं."

आठ दिवसांनी ते चालत आले. दारातूनच म्हणाले, "मेदेर, पाणी मी ओतीन. घाई मात्र करू नकोस, सध्या माझे गुडघे धरलेत."

त्याप्रमाणे व्हावं.

ते गेल्यावर मी बाह्या वर सारून कितीतरी वेळ माझ्या हातांकडे बघत बसलो. यांना एक दिवस कुणीतरी कोमट पाण्यानं, हळूहळू, पुरुषाचे हात म्हणून धुणार आहे. एवढं माझ्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

वाचून, समजून सही केली: मेदेर
साक्षीदार: आयजारकिन, निवृत्त डॉक्टर
साक्षीदार: इस्मार, मौलवी
अक-तेरेक, १४ ऑक्टोबर २०२३