दगडावरचं दहावं नाव

तारीख १४, रविवार, दुपार

चि. बाळास,

आशीर्वाद. त्या सकाळी नळाला धार बारीक होती, म्हणून बादली खाली लावून मधल्या वेळात मी ओटा पुसून घेत होते. तुझे बाबा उंबऱ्यात बसून तुझ्या उजव्या बुटाचा सुटलेला तळ ठोकत होते. तू आत आरशापुढे भांग पाडत होतास आणि एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा, अशा अवतारात ओरडत होतास की शाळेची घंटा होईल. मी डबे भरले, ओले कपडे दोरीवर टाकले, बादली आत आणून दुसरी लावली. साधी सकाळ. अशा किती आल्या आणि गेल्या. हीच तेवढी राहिली, आणि का राहिली ते तुला सांगायला नको.

पत्राची सुरुवात अशी करू नये, कळतं मला. आधी खुशाली विचारावी. तर विचारते. खोकला गेला का? पांघरूण पुरतं का? मी बरी आहे. गुडघा त्याच्या मर्जीने चालतो, मी माझ्या.

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटाची कड पुन्हा चिकटवल्यासारखी होती, डिंक जरा सढळ हाताने लावलेला. नवे संरक्षणमंत्री आल्यापासून तुमच्या छावणीतून येणारी सगळ्यांचीच पत्रं अशी येतात म्हणे. तेव्हा हेही पत्र तुझ्याआधी कोणी वाचत असेल तर त्यांना माझा नमस्कार. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्यावं.

इथली हकिगत म्हणजे लाँड्रीचीच. नव्या मंत्र्यांनी मोठ्या साहेबांच्या बदल्या सुरू केल्यात, त्या मला पेपरच्या आधी कपड्यांतून कळतात. कुणाच्या खांद्यावरच्या पट्ट्या उसवायला येतात, कुणाच्या लावायला. एका कर्नलसाहेबांचा गणवेश इस्त्री होऊन कधीचा टांगलेला आहे, न्यायला कोणी येत नाही. त्यांच्या घरून आता नुसते साधे शर्ट येतात. पूर्वी दोन ड्रायव्हर एकत्र यायचे, बाकावर बसून चहा प्यायचे, आपापल्या साहेबांची टिंगल करायचे. आता एक जण दुसऱ्याची गाडी दिसली की पुढे निघून जातो आणि चक्कर मारून परत येतो. परवा मालक मला म्हणाला, "मावशी, पट्ट्या पक्क्या शिवू नका. नुसता टाका घाला. मंत्र्याचा काय भरवसा, पुन्हा उसवायला तुम्हालाच बसावं लागेल." मी हसले, तर तो दाराकडे बघून म्हणाला, "हसू नका हो, कोणी ऐकेल."

लग्न करून छावणीत आले तेव्हापासून मंत्री बदलताना बघते आहे. पहिला बदलला तेव्हा रस्त्याकडेच्या सगळ्या दगडांना चुना फासला. तुझे बाबा म्हणाले होते, "मंत्री नवा आला की आधी रंगाचे डबे येतात." दुसऱ्याने कमरेचे पट्टे बदलले. तिसऱ्याने माणसं कमी केली. डेपोत दारूगोळ्याची राखण आणि मांडणी चौघं करायचे, तिथे तुझे बाबा आणि एक पोरगेला शिपाई, एवढेच उरले. बाबा घरी यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. काही बोलायचे नाहीत. मग ती दुपार आली. कोठार उडालं, दहा माणसं गेली, आणि महिन्याच्या आत चौकशी आटोपली. स्टोअरकीपरचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, निष्काळजीपणा. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे चौकशीला वेळ लागत नाही. फाटकाशी दगड उभा राहिला, त्यावर नऊ नावं आहेत. मी कामाला जाताना त्याच्यासमोरून जाते. दुसरा रस्ता आहे, लांबचा. पण मी त्याच रस्त्याने जाते.

हे सगळं तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

तुझ्या पत्रात अगदी शेवटी एक ओळ होती. "घरी कोणी भेटायला आलं तर दारातून परत पाठवू नकोस, शांतपणे ऐकून घे." मला गंमत वाटली. माझ्याकडे येतं कोण? दूधवाला, आणि शेजारच्यांची मांजर. दोघांनाही मी परत पाठवत नाही.

गुरुवारी दुपारी दाराशी सरकारी गाडी थांबली आणि तुझे काका उतरले.

अंत्यविधीनंतर प्रथमच. चौकशी चालू असताना त्यांनी कचेरीत लिहून दिलं होतं की भावाशी आपला काही संबंध उरलेला नाही, ते मी विसरलेले नाही. पण माणसाने वयाकडे बघावं. मी पाणी दिलं. हातात सफरचंदांची पिशवी होती, ती कुठे ठेवावी ते त्यांना कळेना, म्हणून मांडीवरच घेऊन बसले.

"घर छान ठेवलंय वहिनी."

"पसरायला सामान कुठे आहे, भावोजी."

"आता दिवस फिरले समजा. आपली माणसं आलीत वर."

"आपली कोण?"

"म्हणजे, नवे मंत्री."

"त्यांचं आपलं नातं कुठून लागतं?"

काका हसले. इतके मंत्री झाले, पण त्यांची खुर्ची हललेली नाही, ते अशा हसण्यावरच. मग मुद्द्यावर आले. चौकशी पुन्हा उघडली आहे. तेव्हा डेपोचे प्रमुख होते ते आता जनरल झालेत, जुन्या मंत्र्यांच्या खास मर्जीतले. नव्या मंत्र्यांना ते नकोत. दुसऱ्या दिवशी सकाळी समिती बसणार होती. मी जाऊन चार वाक्यं बोलायची. बोलले तर तुझ्या बाबांचं नाव दगडावर लागेल, आणि तुझी अडकलेली बढती सुटेल.

"पोराची फाइल वर्षानुवर्षं का दाबून ठेवलीय, तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "बापाचा डाग."

माहीत आहे. बाळा, मी दगडाची नाही. त्यांनी "दहावं नाव" म्हटलं तेव्हा माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं, सांडेल म्हणून.

"काय बोलायचं?" मी विचारलं.

काका पुढे सरकले आणि शाळेत कविता म्हणतात तसं म्हणून दाखवलं. "त्या दिवशी सकाळी माझे यजमान उंबऱ्यात बसून मुलाच्या बुटाचा तळ ठोकत होते. तेव्हा ते म्हणाले, साहेब जुने खराब गोळे आतल्या कोठारात ठेवायला लावतायत. मी नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. आज काहीतरी होणार." मग म्हणाले, "बस, एवढंच वहिनी."

मी पदराने कपाळ पुसलं. त्यांना वाटलं मला भरून आलं. भरून आलं नव्हतं.

तुझे बाबा तळ ठोकत होते तेव्हा त्यांच्या ओठांत बारीक खिळे धरलेले होते. एकेक काढायचे आणि ठोकायचे. मी विचारलं, "आज डब्यात लोणचं देऊ का?" तर नुसती मान हलवली. खिळे संपले तसा बूट तुझ्याकडे सरकवला, टोपी घातली आणि गेले. आणि "आज काहीतरी होणार" असं बोलणारा तो माणूसच नव्हता. ताप असला तरी "जरा अंग कोमट आहे" म्हणायचा.

"बुटाचं तुम्हाला कुणी सांगितलं, भावोजी?"

"तुम्हीच बोलला असाल कधीतरी."

"आपण बोललोय कधी?"

त्यांनी घड्याळात बघितलं. "वहिनी, तुम्ही खोलात शिरू नका. ते तसं बोलले नसतील असं तरी तुम्ही छातीठोक सांगू शकता का? जनरलने तसा हुकूम दिलाच नसेल असं सांगू शकता?"

"नाही."

"मग झालं तर! तुमचं काय जाणार आहे? तुम्हाला ना नोकरी, ना बदलीची भीती. उद्या मंत्री पुन्हा बदलला तरी तुमचं कोण काय वाकडं करणार?"

हे ते धीर द्यायला म्हणाले. पण मला तिथेच सगळं दिसलं. आख्ख्या फौजेत हे वाक्य स्वतःच्या तोंडाने बोलायला एक माणूस तयार नाही. आज बोलावं आणि सहा महिन्यांनी दुसरा मंत्री यावा, जनरल पुन्हा वर यावेत, मग? म्हणून ज्याची पट्टी उसवता येत नाही असं माणूस शोधलं. आधी मेलेला सापडला होता, आता त्याची बायको सापडली.

ते गेल्यावर मी बसून विचार केला की बुटाचं बाहेर गेलं कसं. मालकाला मी कधी सांगितलेलं नाही. शेजारणीला नाही. माझ्या आईलाही मरेपर्यंत नाही. लोकांनी काय काय नेलं माझ्याकडून, क्वार्टर नेली, अर्धी पेन्शन नेली, पण ती सकाळ मी कुणाला दिली नव्हती. काकांवर संशय घेतला, ड्रायव्हरवर घेतला, रस्त्यावरून आत डोकावून कोणी बघितलं असेल असाही घेतला. संशय ही गोष्ट अशी आहे की सगळं गाव फिरून येते आणि शेवटी आपल्याच उंबऱ्यात बसते.

त्या घरात तेव्हा तिघंच होतो. एक त्याच दुपारी गेला. एक मी.

आता हे पत्र मधे कोणी वाचत असेल त्याने नीट वाचावं. माझ्या मुलाने आपल्या काकांना एवढंच सांगितलं की वडील सकाळी बूट ठोकत होते. त्यात खोटं काही नाही. पुढची वाक्यं कुणी जोडली ते मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही.

पण तुला एक विचारते. मी बादलीसाठी दोनदा बाहेर गेले होते. तेवढ्या वेळात बाबा तुझ्याशी काही बोलले का? बोलले असतील तर ते तू ऐकलंस, मी नाही. मग ते तुझ्या तोंडून निघू दे, तुझ्या नावावर, सहीनिशी. तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी राहीन, मंत्री कोणीही असो. आणि बोलले नसतील तर आपल्या घरातलं ते शेवटचं गप्प बसणं तरी खरं राहू दे. ते शब्द त्यांच्या तोंडी घालून नाव मिळवलं, तर दगडावर नाव कुणाचं लागेल? उद्याच्या मंत्र्याला तेच खोटं सापडलं की तो छिन्नीने काढेल, आणि या खेपेला लोक म्हणतील, बायकोसुद्धा खोटी होती.

तुझ्यावर राग नाही. राग असता तर इतकं लिहिलं नसतं. तिथे तुला रोज काय ऐकावं लागतं, कोण कुणाचा माणूस हे बोटांवर कसं मोजलं जातं, ते तू लिहीत नाहीस, पण मी ओळखते. लहानपणी खोटं बोलून आलास की तू आधी माझ्या तब्येतीची चौकशी करायचास. तुझ्या या पत्रात तू माझ्या गुडघ्याची चौकशी तीनदा केली आहेस.

काकांनी त्यांच्या परीने तुला कळवलं असेलच. माझ्या परीने मी कळवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली, मी बसले. काका वाटभर ती चार वाक्यं माझ्याकडून म्हणवून घ्यायला बघत होते. मी म्हटलं, "मला पाठांतर जमत नाही, मी शाळेत फारशी गेलेले नाही." खोलीत लांब टेबल होतं, पलीकडे तीन साहेब, कोपऱ्यात टाइप करणारी मुलगी. भिंतीवर जुन्या तसबिरीचा फिकट चौकोन उरला होता आणि नवी तसबीर त्याहून लहान होती. मधल्या साहेबांनी विचारलं, तुमचे यजमान डेपोतल्या कामाबद्दल घरी काही बोलत असत का. मी म्हटलं, नाही. त्या सकाळी काही बोलले? नाही. मागे काका खोकले. साहेबांनी चष्मा काढला. "मग बाई, तुम्ही आलात कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही बोलावलंत म्हणून. आणि तिथे चार माणसांचं काम दोघं करत होते, ते कुणाच्या हुकमाने, एवढं तुम्ही शोधून काढाल का ते विचारायला." टाइप करणारी मुलगी थांबली. साहेबांनी तिला सांगितलं, "लिहा, साक्षीदाराला माहिती नाही."

गाडी माझ्यासाठी थांबली नव्हती. मी बसने लाँड्रीत आले आणि दुपारचे कपडे केले.

तुझ्या वडिलांची बायको, आणि तुझी,
आई